दात दाखवायचा कुणाला? डॉक्टर, हायजीनिस्ट आणि ‘दातवाला’ यांतला फरक

नाटे : दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग दाबतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो. तरी राहवत नाही तेव्हा कुणीतरी सांगतं, “अरे, तिकडे एक जण दात काढून देतो, स्वस्तात.” नाटे-साखरीनाट्यातल्या मच्छीमाराला राजापूर किंवा रत्नागिरी गाठायची म्हणजे दिवस मोडतो, त्यामुळे हा सल्ला पटकन पटतो. पण तो ‘एक जण’ नेमका कोण?

१९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टने दातांचं काम तीन जणांत वाटलं. पहिला दंतवैद्य. इंटर्नशिपसह पाच वर्षांचं बीडीएस आणि राज्य दंत परिषदेत नोंदणी झाली की तो दात काढू, भरू शकतो. दुसरा डेंटल हायजीनिस्ट. दोन वर्षांचा डिप्लोमा करून तो दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात साफ करतो आणि निगा कशी राखायची ते शिकवतो. तिसरा डेंटल मेकॅनिक. तो कवळी बनवतो, दुरुस्त करतो. तोंडातले उपचार हे त्याचं काम नव्हे. या दोघांचीही नोंदणी होते. त्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. त्यातही या साहाय्यकांच्या नोंदणीची तरतूद आहे.

मग मधल्या फळीतला माणूस उपयोगाचा नाही का? आहे, आणि खूप आहे. न्यूझीलंडने १९२१ मध्ये वेलिंग्टनला ‘डेंटल नर्स’ तयार करायला सुरुवात केली. दोन वर्षं शिकून त्या शाळांतल्या मुलांचे दात तपासत, भरत. आज त्यांच्या जागी काम करणाऱ्या थेरपिस्टनाही नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे हायजीनिस्टला दात भरायचा किंवा काढायचा अधिकार नाही. पण साफसफाई आणि वेळेत इशारा, एवढंही गावाला मोठं आहे. मिशरी, तंबाखू, गुटखा आपल्याकडे घरोघरी ठाऊक. गालात पांढरा-लाल चट्टा आला, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ते लगेच डॉक्टरला दाखवायला हवं. सफाईच्या वेळी हे नजरेत येऊ शकतं.

नोंदणी नसलेला ‘दातवाला’ हा स्वस्तातला डॉक्टर नव्हे. हत्यारं नीट निर्जंतुक केलेली नसतील तर हिपॅटायटिस बी लागू शकतो. शुगर आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे न विचारता दात काढला तर जिवावर बेतू शकतं. शेजारच्या दातांना चिकटवून बसवलेला नकली दात हिरडी कुजवतो आणि चांगले दातही हलवतो.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा : नोंदणी क्रमांक काय? हत्यारं कशी निर्जंतुक करता? हायजीनिस्ट असेल तर देखरेख कोणत्या डॉक्टरची? विचारण्यात लाज कसली?

मुलांसाठी एक सोय आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं तेव्हा दातांची कीडही बघितली जाते आणि गरज असेल तर पुढे पाठवलं जातं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि पुढच्या ग्रामसभेत एक मागणी मांडा : महिन्यातून एक दिवस तरी दंतवैद्य आणि हायजीनिस्ट गावात यावेत. दाढ ठणकायच्या आधी कुणीतरी तोंडात बघणारं हवं.