वस्तीची पाहणी

घर पाहण्यास निघालेली माणसे बहुधा घरच पाहतात. ओट्याची लांबी, देवघराची दिशा आणि खिडकीतून येणारा उजेड यांची तपासणी अर्धा-अर्धा तास चालते, आणि ज्या रस्त्यावर आपल्या मुलांना पुढची पंधरा वर्षे रोज पाऊल टाकावयाचे आहे तो मात्र मोटारीत चढता-उतरता नजरेखालून निघून जातो. भूमि-अभिलेख खात्यात मोजणीच्या साखळीमागे सारी उमेद घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास ही रीत उफराटी वाटते, कारण आमच्या दप्तरी मिळकतीची ओळख चतुःसीमेपासून होते; पूर्वेस कोण आणि पश्चिमेस काय हे लिहिल्यावाचून मधल्या जागेला कागदावर अस्तित्वच येत नाही. तेव्हा माझी भाची आणि जावई पुण्याचा मुक्काम हलवून, आठ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन कायमचे कोल्हापुरास येण्याचे ठरवून जागेच्या शोधास लागले, त्या वेळी त्यांच्याबरोबर हिंडण्यास मी एका अटीवर कबूल झालो: कुलूप काढण्यापूर्वी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावयाची.

कोल्हापुरात हा विचार पाण्यापासूनच आरंभावा लागतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीच्या संगमाशी एकवटून पंचगंगा होते, आणि राजाराम बंधाऱ्यावर तिने ३९ फूट गाठले की इशारा व ४३ फूट गाठले की धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टात ती ५५ फुटांच्या वर गेली, आणि तो पूर शंभर वर्षांतून एकदाच येणारा म्हणून लोक स्वतःची समजूत घालीत आहेत तोच, २०२१ च्या जुलैत तिने ५६ फूटही ओलांडले. परगावच्या माणसाची फसगत होते ती नदीचे अंतर मोजण्यात. नदी फुगली म्हणजे शहराच्या मधून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी तिच्यात शिरेनासे होते, एवढेच नव्हे तर नदीच नाल्याच्या वाटेने उलटी शहरात येते. त्यामुळे घाटापासून चांगली दूर असलेली शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात जाते आणि ऐन गणपतीच्या तोंडावर रंगविलेल्या मूर्तींचा चिखल होतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खात्याने नकाशावर आखलेली असते. ती अवश्य पाहावी. पण नकाशा पाहून झाल्यावर भिंतीही पाहाव्यात. नागाळा पार्काच्या बाजूस एका टुमदार बंगलीपाशी दलालाने आम्हांस, "इथं पाणी येत नाही, जवळनं जातं," असे मोठ्या अदबीने सांगितले. समोरच्या इस्त्रीच्या टपरीतल्या बाईंनी मात्र इस्त्री बाजूला ठेवून पायरीकडे बोट केले. "एकोणीसला कट्ट्याखाली ऱ्हायलं हुतं, काका. एकवीसला हितपतूर आलं बघा." विकणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि ज्याला काही विकावयाचे नाही त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यांतील तफावत म्हणजे वस्तीच्या पाहणीतला निम्मा ऐवज होय; आणि दूधवाला, टपालवाला, वायरमन, इस्त्रीवाली ही मंडळी, गल्लीत रोज येऊनही तिथल्या भावाशी देणेघेणे नसल्यामुळे, साक्षीदार म्हणून फार मोलाची असतात.

भाचीचे मन होते ते जुन्या पेठांवर. तिचे बालपण मंगळवार पेठेतले, आणि बालपणी राहिलेल्या जागेबद्दल माणसास जो पक्षपात असतो तो सोडून द्यावा असे मीही म्हणणार नाही, कारण त्या पक्षपाताच्या बुडाशी एक खरी गोष्ट होती. मंगळवार किंवा शिवाजी पेठेत अनोळखी लहान मुलगी रस्त्यात नुसती उभी राहिली, तरी दोन-चार मिनिटांत कोणीतरी "कुणाची गं तू?" असे विचारल्यावाचून राहत नाही, उंबऱ्यावर बसलेली म्हातारी, तालमीच्या कट्ट्यावरची पोरे आणि किराणा दुकानदार मिळून त्या गल्लीवर जी अविरत नजर ठेवून असतात, तिच्यापुढे आजकालच्या गृहसंकुलांतील कॅमेरे मला अगदी पोरके वाटतात. खेळावयास जागाही दूर नाही. वरुणतीर्थाचा तलाव बुजवून झालेले गांधी मैदान आहे, जरी पावसाळ्यात आपण पूर्वी तलाव होतो याची आठवण ते दरवर्षी शहरास करून देत असले तरी. परंतु पेठेच्या गल्लीत आता दोन्ही कडांनी दुचाक्या उभ्या असतात, मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रिक्षा आणि टेंपो जातात, आणि उत्सवाच्या दिवसांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती घराच्या भिंतींना हादरे देतात. चार वर्षांच्या मुलाचा हात सुटू देण्यास तेथे वाव उरलेला नाही. भाचीला हे पटले. बरे मात्र वाटले नाही.

पाचगाव-कळंब्याच्या अंगाला चित्र नेमके उलट दिसले. १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, परंतु हद्दवाढीचा वाद दशकानुदशके भिजत पडला आणि शहर मात्र हद्दीची वाट न पाहता भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या जमिनींवर पसरत गेले. येथे भूखंड ऐसपैस, हवा मोकळी, घरे नवी; आणि दुपारी चार वाजता साऱ्या कॉलनीत चिटपाखरू नाही. नळाला पाणी कधी येते असे विचारता एका गृहिणीने उत्तरादाखल टँकरवाल्याचा क्रमांकच पुढे केला. मंजूर रेखांकनात मुलांसाठी म्हणून सोडलेली खुली जागा शोधीत आम्ही गेलो, तर तिच्या एका कोपऱ्यात मंदिर, त्यापुढे पत्र्याचा मंडप आणि उरलेल्या भागात बांधकामाची खडी, असा तिचा विनियोग झालेला आढळला. रस्त्याला पदपथ नाही, म्हणून मुले मोटारीत बसून शाळेस जातात. मुले मोटारीत जातात म्हणून रस्त्यावर कोणी चालत नाही. आणि कोणी चालत नाही म्हणून, जावयांनी मोजमाप मांडून दाखविलेल्या त्या तीस फुटी रस्त्यावर मुलीला एकटे धाडण्यास आईबापांचा जीव धजत नाही.

कागदपत्रांविषयी मी बोलू लागलो की घरची मंडळी उठून जातात, म्हणून थोडक्यात सांगतो. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना आधी वाचावा, मालकाचे नाव नंतर. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन प्रत्यक्ष पाहावे. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यास वळसा घालून गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील घर असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यान्वये ते नियमित झाल्याचा दाखला मागावा, "फाईल वर गेलीय" या उत्तरावर समाधान मानू नये. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे वाक्य मी नोकरीत किती वेळा उच्चारले असेन याची गणती नाही.

शाळेबाबत जावयांशी माझा मतभेद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. पहिली ते पाचवीच्या मुलास घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियम सांगतात. पण नावाजलेल्या शाळेसाठी मुलास रोज तासभर बसमध्ये बसविण्यात आजच्या मध्यमवर्गास काहीच वावगे वाटत नाही. त्या तासाचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत मांडला जात नाही, असे मी म्हटले. "मामा, तुमच्या वेळी चढाओढ एवढी नव्हती," असे ते म्हणाले. दोन्ही खरेच.

माझी कसोटी साधी होती. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात पैसे देऊन तिला दुधाची पिशवी आणावयास एकटीस पाठविता येईल काय, आणि ती परत येईपर्यंत आई दारात न थांबता आपले काम करू शकेल काय, एवढेच मी प्रत्येक ठिकाणी विचारीत असे. पुराची रेषा, पदपथ, दिव्याचे खांब, भटकी कुत्री, वळणावरचे मद्याचे दुकान आणि ओट्यावर बसणारी म्हातारी, हे सारे त्या एका प्रश्नाच्या पोटात येते. त्याचे उत्तर दलालाच्या सोयीच्या रविवार सकाळी मिळत नाही. शाळा सुटण्याच्या वेळी, रात्री जेवणानंतर आणि मुसळधार पावसात, अशी वस्ती पाहावी. पाऊस नसेल तर खरेदी लांबवावी.

या कसोटीस सर्वांत जवळ आले ते राजारामपुरीच्या पलीकडचे, प्रतिभानगराच्या बाजूचे एक जुने दुमजली घर. सागरमाळाच्या चढाकडील भूमी असल्याने पुराचे भय नाही. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या सरळ गल्ल्या चालत जाण्याच्या अंतरावर. कोपऱ्यावर किराणा दुकान, आणि संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून भाजी निवडीत बोलणाऱ्या बायका. भाचीची मुलगी तेथल्या पोरींबरोबर लंगडी खेळू लागली आणि बोलावूनही येईना, तेव्हा भाचीने घराच्या आतल्या ओलीकडे जरा सौम्य दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. जावयांची तक्रार मोटार उभी करण्यास आवार नसल्याची आहे, आणि ती रास्त आहे; माझी हरकत अशी की मिळकत पत्रिकेवर मालकाच्या दोन बहिणींची नावे अजून आहेत, आणि त्यांपैकी एक परदेशी असून तिचे मुखत्यारपत्र जुने आहे. मालक म्हणतात, इसार द्या आणि निर्धास्त व्हा. मी म्हटले, दोघी बहिणींच्या सह्या झाल्यावर साठेखत करू. तोवर आणखी एक पावसाळाही पाहून होईल.