डगआऊटमधला सूत्रधार

संघाचा व्यवस्थापक म्हटले की आपल्यापुढे खेळाडूंच्या प्रवासाची, हॉटेलांची सोय पाहणारा गृहस्थ उभा राहतो. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र या पदाचा अर्थ निराळा आहे. फलंदाजीचा क्रम, पिचर कधी बदलायचा, कोणाच्या जागी कोण धावणार, हे सारे तेथे मॅनेजर ठरवतो. क्रिकेटमधील कर्णधाराचे बरेचसे काम त्याच्याकडे असते, तेही खेळाडूंसारखाच गणवेश चढवून! शिवाय एकदा सामन्याबाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही. प्रत्येक बदल परतीचे दोर कापूनच करावा लागतो.

बोस्टन रेड सॉक्सचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी 2003 मध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात 5-2 अशी आघाडी असताना दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला आठव्या डावात खेळवत ठेवले. यांकीजनी बरोबरी साधली, सामनाही जिंकला. लिटल यांचे पद गेले.

त्यांच्या जागी आले टेरी फ्रँकोना. पूर्वी फिलाडेल्फियात चार हंगाम अपयशी ठरलेला हा माणूस. 2004 मध्ये पुन्हा यांकीजच समोर, मालिकेत 0-3 अशी पिछाडी. चौथ्या सामन्यात फ्रँकोना यांनी अखेरच्या डावांसाठी राखून ठेवायचा पिचर कीथ फोक याला सातव्याच डावात उतरवले. हरलो तर उद्या नाहीच, हा त्यामागचा साधा हिशेब. नवव्या डावात 3-4 अशी स्थिती असताना त्यांनी केविन मिलरच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला धावायला पाठवले. समोर मारियानो रिव्हेरासारखा कसलेला पिचर, आणि रॉबर्ट्स कशासाठी आला आहे हे साऱ्या मैदानाला ठाऊक! तरीही त्याने दुसरा बेस चोरला. बिल म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी झाली आणि बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन ठोकून सामना जिंकला. पुढे मालिका 4-3 अशी जिंकून रेड सॉक्सने 1918 नंतर प्रथमच जागतिक मालिकाही पटकावली.

बेस चोरण्याचे श्रेय निःसंशय रॉबर्ट्सचे. पण एरवी बाकावर बसणाऱ्या खेळाडूला 162 सामन्यांच्या हंगामानंतरही त्या एका धावेसाठी ताजेतवाने ठेवणे, हे श्रेय धावफलकावर दिसत नाही.

तोच रॉबर्ट्स पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर झाला. 2025 च्या जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यात त्याने आदल्याच रात्री सहा डाव टाकलेल्या योशिनोबू यामामोटोच्या हाती पुन्हा चेंडू दिला. लिटल यांच्यावर पिचरला थकूनही ठेवल्याचा ठपका होता. इथे तर थकलेल्यालाच बोलावले होते. डॉजर्सनी अकराव्या डावात टोरांटोला हरवले.