गणितात पैकीच्या पैकी, व्यवहारात कोरी पाटी

शाळेत मुलांना पैशाविषयी काहीच शिकवत नाहीत, ही पालकांची नेहमीची तक्रार महाराष्ट्रापुरती तरी पूर्णपणे खरी नाही. राज्य मंडळाच्या शाळांत २०१७ मध्ये नववीचे आणि २०१८ मध्ये दहावीचे जे गणिताचे पुस्तक आले, त्या दोन्हींत 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर. दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड आणि 'एसआयपी'. चक्रवाढ व्याज तर त्याआधी आठवीतच येऊन जाते. अडचण आहे ती वेगळीच. दर्शनी किंमत, बाजारभाव आणि दलालीचा दर दिला की शेअर केवढ्याला पडला, हे विद्यार्थी बिनचूक सांगतो. तो घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही. गुणांची बेगमी झाली की प्रकरण मिटते.

एके काळी अनेक शाळांत 'संचयिका' चालत असे. मुले चार-दोन रुपये आणून जमा करीत आणि त्यांच्यातीलच कोणी वहीत नोंदी ठेवी. बचतीचे वळण लावण्यास ती योजना उत्तम होती. पण त्या काळी कॉलेजकुमाराला कर्ज द्यायला कोणी तयारच नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. आजच्या तरुणाची पैशाशी पहिली गाठ बचतीच्या वहीतून पडत नाही, ती मोबाइलच्या पडद्यावर पडते.

दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याबाबतच्या सूचना नव्याने काढल्या. खात्यावरील मर्यादा बँका ठरवतात. शिल्लक रकमेपेक्षा अधिक पैसे त्यातून निघत नाहीत. अल्पवयीनाचा करारही कायद्याने बंधनकारक ठरत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच हा कठडा निघतो आणि कर्ज देणारे, 'टिप्स' देणारे, झटपट कमाईचा मार्ग दाखवणारे सारेच दारात उभे राहतात.

कर्जाचेच पाहू. चोवीस हजारांचा मोबाइल बारा हप्त्यांत, दरमहा दोन टक्के 'फ्लॅट' व्याजाने मिळतो असे समजा. व्याज ५,७६० रुपये, एकूण परतफेड २९,७६०, हप्ता २,४८० रुपयांचा. वर्षाला चोवीस टक्के, असा हिशेब विद्यार्थी करतो आणि तिथेच फसतो. कारण पहिला हप्ता भरल्यापासून मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चोवीस हजारांवरच आकारलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले, तर हा दर वर्षाला सुमारे ४२ टक्के भरतो! त्यावर प्रक्रिया शुल्क आणि विम्याची रक्कम असेल, तर ती निराळी.

हा खरा दर कर्जदाराला कळावा, म्हणून बँका व वित्तसंस्थांनी १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ठळक अटींचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर, म्हणजे 'एपीआर', लिहावा लागतो आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. मराठी पत्रक मागणे हा उपकार मागणे नव्हे. मोबाइलवरून घेतलेले कर्ज ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाविना परतही करता येते. असे एक पत्रक वर्गात फळ्यावर मांडून तासभर वाचले, तर आठवीतले व्याज खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

शेअर बाजाराबाबत लांबण लावण्याची गरज नाही. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात 'फ्युचर्स अँड ऑप्शन्स'मध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा होता १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. या व्यवहारांतील तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला, हे अधिक बोलके आहे. पुस्तकात 'एसआयपी' शिकलेला मुलगा याच बाजाराच्या निराळ्या दाराने आत शिरतो.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका मात्र खाते 'भाड्याने' देण्याचा आहे. काही दिवस एटीएम कार्ड आणि सिमकार्ड वापरायला द्यायचे, बदल्यात काही हजार रुपये घ्यायचे. वसतिगृहात राहणाऱ्या, घरून बेताचेच पैसे येणाऱ्या मुलाला यात कोणाचे नुकसान आहे असे वाटत नाही. सायबर फसवणुकीत लुबाडलेली रक्कम अशाच खात्यांतून पुढे सरकवली जाते. तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली गेली की माग प्रथम या खात्याशी येऊन थांबतो, कारण तिथे नाव, पत्ता आणि आधार क्रमांक सारे खरे असते. खाते गोठते, पोलिसांची नोटीस घरी येते आणि मूळ ठग नामानिराळा राहतो.

हे शिकवायचे कोणी? नवी मुंबईतील राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र शाळा-महाविद्यालयांसाठी कार्यक्रम घेते. वाणिज्य शाखेतील मुलांच्या कानावर निदान शब्द तरी पडतात. कला आणि विज्ञान शाखेच्या वाट्याला बहुधा एखादे व्याख्यान येते. घरांत तर पैशाचे विषय मुलांसमोर काढायचे नाहीत, असा जुना संकेत आहे. त्यामुळे घराचा हप्ता किती आणि अजून किती वर्षांचा, हे वीस वर्षांच्या मुलालाही ठाऊक नसते.

महाविद्यालयांना एक सोयीची वेळ मात्र आपसूक मिळते. प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी अनेक मुले आधारशी जोडलेले स्वतःचे खाते प्रथमच उघडतात. ते खाते कोणाला वापरायला का द्यायचे नाही, हे त्याच खिडकीवर, तो अर्ज हातात असतानाच सांगता येईल. खाते गोठले, तर शिष्यवृत्तीही त्यातच अडकते.