पंचतारांकित हॉटेल म्हणजे नेमकं काय?



'हॉटेल' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर मिसळ, भजी आणि चहा येतो. राहायच्या जागेला आपण लॉज म्हणतो. त्यामुळे पेपरात 'पंचतारांकित हॉटेल' वाचलं की मुलं हमखास विचारतात, "सर, तारे कुठे लावलेले असतात?"

हा दर्जा केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय देतं. सक्ती नाही. हॉटेलने स्वतः अर्ज करायचा, मग समिती प्रत्यक्ष येऊन पाहणी करते. खोलीचं क्षेत्रफळ, स्वयंपाकघराची स्वच्छता, आगीपासून सुरक्षा, दिव्यांगांसाठी सोयी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असं बरंच काही तपासलं जातं. दर्जा 5 वर्षांसाठी मिळतो, नंतर पुन्हा तपासणी. एक ते पाच तारे आणि त्यावर 'पंचतारांकित डिलक्स'. 'सेव्हन स्टार' असा वर्ग आपल्या सरकारी यादीत नाहीच, तो जाहिरातीतला शब्द!

पण यादीतल्या सगळ्या वस्तू असल्या म्हणजे हॉटेल उच्च दर्जाचं झालं का? मुंबईचं ताजमहाल हॉटेल बघा. जमशेटजी टाटांनी उभारलेलं हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालं. (गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पूर्ण झालं. म्हणजे हॉटेल आधीचं! मुलांना हे पटतच नाही.) त्या काळी विजेचे दिवे, लिफ्ट ही तिथली चैन होती. आज लिफ्ट साध्या दवाखान्यातही असते. चैनीची वस्तू काही वर्षांत सगळ्यांची होते.

मग फरक कशात राहतो? हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 2011 साली ताजच्या कर्मचाऱ्यांवर एक लेख लिहिला. त्यात एक हिशोब आहे. एक पाहुणा 24 तास राहिला तर त्याचा कर्मचाऱ्यांशी साधारण 40 ते 45 वेळा संबंध येतो, आणि बहुतेक वेळा शेजारी साहेब उभा नसतो. दरवान, चादर बदलणारी ताई, पाणी आणून देणारा मुलगा यांनी त्या क्षणी स्वतःच ठरवायचं असतं. म्हणून तिथे नवख्यांना 18 महिने शिकवतात. आणि मुलं निवडतात ती जास्त करून लहान शहरांतून. मोठ्यांचा आदर, हसरा स्वभाव हे आधी बघतात. 2008 च्या हल्ल्यात पाहुण्यांना बाहेर काढताना या हॉटेलचे 11 कर्मचारी गेले.

आता एक स्पष्ट बोलतो. "अभ्यास कर, नाहीतर हॉटेलात कपबश्या विसळशील," हे वाक्य आपण घरात आणि वर्गातही सर्रास वापरतो. वर्गात एखाद्याचे वडील खरंच वेटर असतात, तो मान खाली घालून ऐकतो. हॉटेल मॅनेजमेंट हे रीतसर शिक्षण आहे. बारावीनंतर त्याची प्रवेश परीक्षा असते. निदान धमकी म्हणून तरी हे काम वापरू नका.

हा पाठ घ्यायचा असेल तर तिसरी-चौथीला एक उपक्रम देऊन बघा. घरी पाहुणे येणार असले की काय काय करतो, ते दोन रकान्यांत लिहायला सांगा: पैसे लागतात आणि पैसे लागत नाहीत. आमच्या वर्गात दुसरा रकाना जास्त भरला. एकीने लिहिलं होतं, 'आजोबांना जिना चढायला नको म्हणून खालची खोली देणे.'