जुनी दमदार सेडान: किंमत उतरते, खर्च उतरत नाही

मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेल्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, आकडे नीट मांडलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. मूळचा दिग्रसचा, आयटीत नोकरी, वय सव्वीस. त्याने लिहिलं: “दादा, दहा वर्षं जुनी टर्बो पेट्रोल जर्मन सेडान सात लाखांत मिळतेय. तेवढ्यात नवी हॅचबॅक येते. माझ्याकडे चार आहेत, उरलेले तीन बाबा पीएफमधून काढून देतो म्हणतायत. घेऊ का?”

पीएफचा उल्लेख नसता तर मी दोन ओळींत मोकळा झालो असतो. पण वडिलांचे तीन लाख म्हटल्यावर उत्तर नीट द्यायला पाहिजे. मी स्वतः अशी एक सेडान तीन वर्षं वापरतोय, तेही लोहाऱ्यात. धाराशिवचं लोहारा नाही बरं का, यवतमाळला लागून दारव्हा रोडवरचं, एमआयडीसीवालं. माझ्या गाडीचं नाव घेत नाही, कारण सांगतोय ते या जातीच्या बहुतेक गाड्यांना लागू आहे.

ही जात आपल्याला परकी नाही

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. ऑक्टाव्हिया तिथेच जोडली जायची, पुढे ऑडीच्या सेडानही. मर्सिडीजचं भारतातलं काम १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात सुरू झालं आणि २००९ मध्ये चाकणला गेलं. ऑक्टोबर २०१० मध्ये तर संभाजीनगरच्या (तेव्हा औरंगाबाद) मंडळींनी गट करून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर बातमी झाली होती.

आता ‘दमदार’ म्हणजे किती? ऑक्टाव्हियाचंच उदाहरण घेऊ. २००४ ची आरएस १५० हॉर्सपॉवरची होती. २०१७ च्या आरएसला २३० होते. २०२० मध्ये आरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या, एक्स-शोरूम किंमत ३५.९९ लाख. आणि साधी १.८ टीएसआय ऑक्टाव्हियासुद्धा १८० हॉर्सपॉवरची. नव्या हॅचबॅकला साधारण ८० ते ९० असतात, त्यावरून अंदाज करा.

या गाड्या सात-आठ वर्षांत अर्ध्याहून खाली येतात. ऑफिसच्या पोराला, छोट्या व्यापाऱ्याला परवडतील अशा वाटू लागतात. गडबड इथेच सुरू होते.

काय स्वस्त होतं, काय होत नाही

पंचवीस लाखांची गाडी सात लाखांना मिळाली म्हणजे तिचा हेडलाइट सात लाखांच्या गाडीचा होत नाही. गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, सस्पेन्शनचे आर्म, सेन्सर, सगळ्यांची किंमत पंचवीस लाखांच्या गाडीचीच राहते. उलट दरवर्षी थोडी वाढते. आमच्या धंद्यात सांगायचं तर कोणी जुना सर्व्हर फुकट दिला तरी त्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स फुकट होत नाही, तसं.

म्हणून मी एक साधा नियम धरतो. गाडीची आजची किंमत विसरायची आणि ती नवीन असताना कितीची होती त्यावर खर्चाचा अंदाज बांधायचा. खरेदीच्या रकमेचा पाव भाग पहिल्या वर्षासाठी वेगळा ठेवायचा. सात लाखांची गाडी असेल तर पावणेदोन लाख. ते खर्च झालेच पाहिजेत असं नाही, पण खात्यात पाहिजेत.

लोहाऱ्यात गाडी झिजते कशाने?

लोकांना वाटतं वेगाने. पण आपल्याकडे अशा गाडीला जास्त त्रास देतात ते ऊन आणि छोट्या चकरा.

लोहाऱ्याहून यवतमाळच्या बाजारात जायचं म्हणजे चार-पाच किलोमीटर. तेवढ्यात कूलंट गरम होतं, पण इंजिन ऑइलला गरम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. ऑइल पुरतं तापलं नाही तर त्यातली वाफ आणि सिलिंडरमधून झिरपलेलं थोडं पेट्रोल उडून जात नाही, तिथेच साचतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून हा प्रकार जरा जास्तच. ऑइल पातळ होत जातं. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तो फिरतो याच ऑइलच्या पातळ थरावर. एका बाजूला तापलेला एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये तेलाचा पापुद्रा.

म्हणून मॅन्युअलमध्ये १५,००० किलोमीटर लिहिलं असलं तरी मी ७,५०० किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलतो. डब्यावर नुसतं ‘फुल्ली सिंथेटिक’ बघून भागत नाही. मॅन्युअलमध्ये कंपनीच्या मान्यतेचा नंबर असतो. फोक्सवॅगन घराण्याच्या अनेक पेट्रोल इंजिनांना ५०२ ०० लागतो. तोच नंबर डब्यावर पाहिजे. आणि आठवड्यातून एकदा गाडीला वीस-पंचवीस किलोमीटरची सलग चक्कर द्यायची. घरचे म्हणतात पेट्रोल जाळायला चालला. चालू द्या.

दुसरं ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. या इंजिनांत कूलंटच्या वाटेवर प्लॅस्टिकचे भाग बरेच: थर्मोस्टॅटचं घर, पंपाचं आवरण, पाइपांचे जोड. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं. तिथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, वर्षं मोजावी लागतात. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना बघा. कमी झाली तर बोअरचं पाणी अजिबात टाकू नका. आपल्या भागातलं पाणी जड, त्याचा थर आत बसतो. डिस्टिल्ड वॉटर किंवा त्याच जातीचं कूलंट. रंग बघून कोणतंही मिसळू नका.

गिअरबॉक्स: आधी विचारा, मग घ्या

डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक क्लच चालू गिअर धरतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. त्यात दोन प्रकार आहेत. १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा, त्याची सहनशक्ती २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंत. २०१७ च्या आरएसचा सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा, तो ३५० पेलतो. ओल्या क्लचचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. मागच्या मालकाने ते बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. १.८ चं इंजिन २५० न्यूटन मीटरलाच थांबवलंय, कारण गिअरबॉक्सची हद्द तिथे संपते. आता कोणी ‘भाऊ, स्टेज वन मारून देतो, गाडी उडते’ म्हणालं की समजून घ्या, सॉफ्टवेअर बदलून इंजिन जास्त देईल, पण कोरडा क्लच तोच राहील. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, मूळ कोडमधली प्रत्येक मर्यादा आळसाने टाकलेली नसते. आणि ट्रॅफिकमध्ये ब्रेक हलका सोडून गाडी इंचाइंचाने सरकवत राहू नका. तेव्हा क्लच घसरत असतो आणि तापतो. पुढे जागा होऊ द्या, मग सरका.

ब्रेक आणि टायर: इथे काटकसर नको

वेग दुप्पट झाला की ब्रेकने गिळायची ऊर्जा चौपट होते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथून थांबणं म्हणजे ६० वरून थांबण्याच्या चौपट काम. हे काम ब्रेक फ्लुइडच्या भरवशावर चालतं आणि ते फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू नवीन असताना २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय पेडलवर दाबला जातो आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला दीड-दोन हजार लागतात. एवढ्या पैशात याहून मोठा विमा मिळत नाही.

टायरचं गणित असं. २२५/४५ टायरची बाजूची भिंत १०१ मिलिमीटर, साध्या १९५/६५ ची १२७. ही इंचभर कमी भिंत वळणावर मजा देते आणि खड्ड्यात रिम वाकवते. कमी हवेचा टायर वेगात चालला की भिंत जास्त लवते, तापते आणि फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी पंपावर दिसणारा आकडा फसवतो. टायरवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर चढू नका. चार चांगल्या टायरना पन्नास हजारांच्या आसपास लागतात. गाडी बघायला जाताना हा कोड आधी वाचा, भावात तेवढे कमी करून मागता येतात.

“एव्हरेज किती देते?”

आपल्याकडे गाडीला हा पहिला प्रश्न. माझं उत्तर: गावात नऊ, हायवेवर चौदा. समोरचा ‘अरे बापा’ म्हणतो आणि विषय संपतो.

पण पेट्रोलचं एक समजून घ्या. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद. टर्बो हवा दाबून भरतो, बाहेर ४४ अंश, मग ही ताकद जास्त लागते. कमी पडली तर नॉक सेन्सर ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो. इंजिन वाचतं, पण ज्या ताकदीसाठी गाडी घेतली तीच कमी होते. म्हणून उन्हाळ्यात तरी ९५ ऑक्टेन बरं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. त्याने ऑक्टेन वाढतं, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फरक हिशेबात धरा. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत किती इथेनॉल चालतं ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ते वाचा, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर दर आठवड्याला चालवा.

घेण्याआधीचा एक दिवस

स्वतःचा किंवा मेकॅनिकचा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. नुसतं इंजिन नाही, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळी मॉड्यूल वाचा. एरर कोडसोबत बऱ्याचदा तो आला तेव्हाचे किलोमीटर नोंदलेले असतात. मीटरवर ६२ हजार आणि गिअरबॉक्सच्या जुन्या नोंदीत ९८ हजार दिसले तर नमस्कार करून निघा. स्कॅनच्या आदल्याच दिवशी सगळे कोड पुसलेले दिसले, तरी तेच.

परराज्यातली गाडी स्वस्त असते. पण एनओसी, नवीन नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरून एमएच २९ ची पाटी लागेपर्यंत ती स्वस्ताई किती उरते ते आधी कागदावर मांडा. आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. मोठं काम निघालं की गाडी तिकडे न्यावी लागते, म्हणजे एक दिवसाची सुट्टी धरा. घरात दुसरं वाहन नसेल तर ही गाडी एकमेव म्हणून घेऊ नका.

मग घ्यायची का?

मित्रा, तुझा हिशेब असा. सात लाखांची गाडी, पावणेदोन लाखांची राखीव रक्कम, म्हणजे पावणेनऊ. तुझ्याकडे चार आहेत. बाबांचे तीन घेतले तरी गाडी येते आणि राखीव डबा रिकामा. मग पहिलं मोठं बिल आलं की दोनच रस्ते: पुन्हा बाबांकडे जा, नाहीतर काम पुढे ढकल. आणि या गाड्यांत पुढे ढकललेलं काम दुप्पट होऊन परत येतं. थेंबभर गळणारं कूलंट म्हणजे आज पंप, उद्या अख्खं हेड.

म्हणून माझं उत्तर: आत्ता नको. पीएफला हात लावू नको. दोन वर्षं साठव. तोवर तीच गाडी अजून खाली येईल आणि तुझा डबा भरलेला असेल. बाबांना शेजारी बसवून तुझ्या पैशाची गाडी चालवशील तेव्हा तिचं बिल त्यांच्या म्हातारपणावर निघणार नाही.

आणि घेतलीस तर आनंदाने घे. वर्ध्याच्या रस्त्यावर पहाटे ट्रकच्या मागे असताना, पुढे रस्ता रिकामा दिसला की पाय जरासा दाबायचा आणि तीन सेकंदांत आपण पलीकडे. ते सुख खोटं नाही. मी त्याच्यासाठीच पैसे मोजतो आणि दर महिन्याला थोडे बाजूलाही टाकतो.

पुढच्या भागात टर्म इन्शुरन्स. गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण स्कॅनचा रिपोर्ट सोबत जोडा. रिपोर्टशिवाय ‘दादा, घेऊ का’ला उत्तर मिळणार नाही. भेटूया.