जुने नाणे आणि उत्तम नाणे

श्रोतेहो, नाणे जुने म्हणजे मोलाचे, असे आपण म्हणतो. संग्राहक मात्र आधी त्याची प्रत पाहतो. टांकसाळीतून निघतानाचे रूप किती टिकले, ती त्याची प्रत. १८६२ सालचा राणीछाप रुपया घ्या. झीज आधी उंच भागांवर होते: गाल, केस, मुकुट. तिथली रेघ न् रेघ शाबूत असेल आणि नाणे कलते करताच मूळची झळाळी फिरताना दिसली, तर प्रत उंच. १९४९ साली अमेरिकेत शेल्डन यांनी तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अंकांची पट्टी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली.

तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: घरचा काळवंडलेला रुपया चिंचेने, राखेने घासू नका. घासून तो चकाकेल खरा, पण मूळची झळाळी गेली ती गेलीच.