देवळालीचा ताप व मेंदूंतील जागल्या

भुसावळाहून मुंबईस जातांना नाशिक रोड मागें पडलें कीं देवळाली स्टेशन लागतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. या लहानशा गांवानें इंग्रजी भाषेस एक शब्द दिला आहे. १८६१ च्या सुमारास तेथें लष्करी छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनेच्या महिने तेथें पडून राहत. हाताला काम नाहीं, घर समुद्रापलीकडे. कित्येकांचीं मनें बिघडत. या बिघाडास ते ‘डुलाली टॅप’ म्हणूं लागले. यांतील ‘डुलाली’ म्हणजे देवळाली व ‘टॅप’ म्हणजे आपला ताप होय. पुढें ताप गळून पडला आणि ‘डुलाली’ एवढाच शब्द वेडसर या अर्थीं रूढ झाला.

हा ताप कंटाळ्याचा. रणांगणाचा ताप याहून दारुण. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमारांतून आलेले धडधाकट शिपाई थरथर कांपत, मुके होत, झोपेंत किंचाळत. चार्लस मायर्स या डॉक्टरानें १९१५ सालीं या विकारावर ‘शेल शॉक’ या नांवानें लेख लिहिला. परंतु ज्यांच्याजवळ तोफेचा गोळा कधीं फुटलाच नव्हता त्यांनाहि तीच पीडा होते असें दिसून आल्यावर तें नांव त्यालाच पटेनासें झालें. कित्येक अधिकाऱ्यांनीं मात्र यास निव्वळ भेकडपणा ठरविलें. पळून जाणें, भ्याडपणा इत्यादि आरोपांखालीं त्या युद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ शिपायांस आपल्याच सैन्यानें गोळ्या घातल्या. त्यांतील कित्येक आजारी असावेत, हा विचार मान्य होऊन त्यांस क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें! आपल्या मराठा पलटणीहि त्या युद्धांत होत्या. कुत-अल्-अमारा येथें सहाव्या पुणें डिव्हिजनला १४७ दिवस वेढा पडला. अन्न संपलें आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति पत्करावी लागली. अशा दिव्यांतून जो घरीं परतला व रात्रीं दचकून उठूं लागला, त्याच्या दुखण्यास घरच्यांपाशीं नांवच नव्हतें. ‘बाहेरचें कांहीं लागलें’ म्हणण्यापलीकडे बिचारीं तीं काय करणार? आघातोत्तर ताणविकृति या अर्थाचें वैद्यकीय नांव १९८० सालीं, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन शिपायांच्या हालांनंतर, रूढ झालें.

या विकारांत मेंदूमध्यें काय घडतें, हें आतां पुष्कळसें कळूं लागलें आहे. मेंदूचे दूरदूरचे भाग टोळ्या करून काम करतात. एक टोळी आपण स्वस्थ बसलों असतां जागी असते. आठवणी व स्वतःविषयींचे विचार तिच्याकडे. दुसरी योजना आखते व मनास आवर घालते. तिसरीस आम्ही गांवचा जागल्या म्हणूं. आंतबाहेर जें महत्त्वाचें किंवा धोक्याचें घडेल त्याची वर्दी तिनें द्यावयाची आणि त्याप्रमाणें इतर दोघींस कामाला लावावयाचें.

या टोळ्या ओळखण्याची युक्तिहि मौजेची आहे. काम करणाऱ्या भागाकडे प्राणवायुयुक्त रक्त अधिक धांवतें आणि चुंबकीय यंत्रास तो फरक दिसतो. १९९५ सालीं भारत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, माणूस निश्चल पडला असतांहि हात हालविणाऱ्या दोन्ही बाजूंच्या भागांतील हे चढउतार एकाच तालावर होतात. असा ताल जुळला म्हणजे त्या भागांचा संबंध आहे असें धरावयाचें. तार डोळ्यांनीं दिसत नाहीं, हें मात्र विसरूं नये.

आघातग्रस्त शिपायांच्या अशा तपासण्यांत पुष्कळदां असें आढळतें कीं, जागल्या अतिदक्ष झालेला असतो. भीतीची वर्दी देणारा बदामाच्या आकाराचा भाग फार लवकर चेततो; त्याला ‘हा फटाका आहे, तोफ नव्हे’ असें समजाविणारा कपाळामागील भाग दुबळा पडतो; आणि स्वस्थ बसण्याच्या टोळीचे आपसांतील धागे सैल झालेले असतात. अर्थात् सर्वच तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत, व केवळ चित्र पाहून एकट्या माणसाचें निदान करतां येत नाहीं.

शिवाय कारण कोणतें व कार्य कोणतें? आठवणी सांठविणारा हिपोकँपस हा भाग अशा रोग्यांत लहान आढळे. तो आघातानेंच झिजला असें वाटे. २००२ सालीं अमेरिकेंत जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या, एक युद्धावर गेलेला, दुसरा घरींच राहिलेला. तेव्हां तीव्र विकार जडलेल्या शिपायाच्या घरीं राहिलेल्या भावाचाहि तो भाग लहानच निघाला! म्हणजे तें लहानपण निदान कांहीं अंशीं आधींचेंच होतें. एकाच खंदकांतून दोघे परत येतात, एकास कांहीं होत नाहीं व दुसरा खचतो. यांत शौर्याची परीक्षा पाहणें व्यर्थ आहे.

उपचार आहेत, व ते पुष्कळांस लागू पडतात. जाणत्या चिकित्सकाच्या देखरेखीखालीं तीच भयंकर हकीकत हळूहळू, पुनःपुन्हां सांगवितात. वादळ उलटून गेलें आहे हें जागल्यास नव्यानें शिकवावें लागतें. कांहींस औषधांचाहि उपयोग होतो. घरच्यांनीं रोग्याकडून जुलमानें गोष्ट वदवूं नये, पाठीमागून अवचित हात लावूं नये आणि दिवाळींत फटाके उडविण्यापूर्वीं त्यास सांगावें, एवढें तरी करतां येईल. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनिसेवा २०२२ सालीं सुरू झाली. तींत मराठींत बोलतां येतें. डिसेंबर १९२३ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १ डिसेंबर २०२३ रोजीं, सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठीं तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत उघडण्यांत आला.